साहेबराव बोर्डापुढं गरजला, त्याची गोष्ट

"हे तुमच्यापैकी एकजणबी खरं मानणार न्हाई," मी म्हणालो, "आन् मानलं तर मीच त्याला येडा म्हणीन."

असं म्हटल्याशिवाय मी गोष्टीला हात घालत नाही, हे महाळुंग्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माझं नाव तात्याबा. माझ्यामागं लोक त्या नावाला काय जोडतात तेही मला ठाऊक आहे. कंपनीचं मोठं गेट आज जिथं उभं आहे तिथं माझा कांदा असायचा, आणि तो इतका तिखट होता की अजून गेटावरचे वॉचमन डोळे पुसत ड्युटी करतात, असं मी नव्या माणसाला सांगतो. जुनी माणसं आता त्याला हसत नाहीत. पण त्या दिवशी मला कुणाला तरी हसवायचंच होतं. कारण समोर सरूबाई उभ्या उभ्या रडत होती आणि तिचा नवरा साहेबराव तिच्याकडं पाठ करून ट्रकच्या जुन्या टायरवर बसला होता.

आम्ही होतो गोरक्षच्या पंक्चरच्या दुकानापुढं. पहिली शिफ्ट सुटून गेली होती, कंपनीच्या बसेसनी उडवलेली धूळ अजून खाली बसायची होती. आमचा कट्टा पूर्वी देवळाच्या पायरीवर भरायचा. तो इकडं का हलला, हे कुणी कुणाला सांगितलेलं नाही. गोरक्षच्या दुकानामागं संडास आहे. त्याची किल्ली दुकानातल्या खिळ्याला असते. आणि साहेबरावला अशा जागेपासून लांब बसता येत नाही. एक दिवस मी इथं येऊन बसलो, दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला सुजित आला, मग देवळाची पायरी आपोआप ओस पडली. बोलता बोलता साहेबराव उठायचा, "टाकी बघून येतो" म्हणायचा आणि किल्ली घेऊन मागं जायचा. गोरक्ष इकडून ओरडायचा, "भरली का रं टाकी?" तिकडून आवाज यायचा, "अर्धी हाय."

गोरक्षच्या दुकानावर टाकी नाही. तो पाणी शेजारच्या वर्कशॉपमधून बादलीनं आणतो. पण आजवर आमच्यातल्या एकानंही मान वर करून पत्र्याकडं बघितलेलं नाही.

साहेबराव फौजेत हवालदार होता. वर बर्फात पोस्टिंगला असताना त्याच्या मोठ्या आतड्याला जखमा झाल्या. डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. नाव असं की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस परदेशी जाऊन आला. हा आजार गोळ्यांनी दबतो, पण जात नाही. फौजेनं त्याला हलकी ड्युटी दिली. जोडीदार ओझी वाहतायत आणि आपण स्टोअरात बसून मोजे मोजतोय, याची लाज वाटून गड्यानं स्वतःच अर्ज करून नाव कमी करून घेतलं. तोवर साध्या पेन्शनीची वर्षं भरली नव्हती. उरली ती आजाराबद्दल मिळणारी, डिसॅबिलिटीची. तिच्यासाठी लष्करी डॉक्टरांचं बोर्ड बसतं आणि माणसाला किती त्रास आहे ते ठरवतं. दोन वर्षांमागं ते बसलं. 'त्रास किरकोळ' असं लिहून त्यांनी साहेबरावला घरी पाठवलं. अपिलावर आता येत्या सोमवारी दुसरं बोर्ड होतं, आणि त्याच्या पलीकडं फक्त कोर्ट. कोर्ट म्हटलं की सरूबाई वकील कुठून आणणार होती?

मधल्या काळात त्यानं गेटावर वॉचमनची नोकरी केली. गेटाची केबिन असते चार बाय चारची, आणि संडास आत, मशिनींच्या शॉपच्या पलीकडं. बदली माणूस आल्याशिवाय गेट सोडायचं नाही. एके दिवशी कंटेनरची रांग लागली आणि बदली माणूस आला नाही. साहेबराव तसाच, भिंतीला धरून धरून, गोरक्षच्या दुकानामागं आला. गोरक्षनं काही विचारलं नाही. खुंटीवरची आपली ग्रीसनं माखलेली पँट दारावरून आत टाकली. त्या पँटीत साहेबराव घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीच्या कुलदीप सुपरवायझरनं त्याला कामावरून काढलं. गेट उघडं टाकून गेला, एवढंच कारण लागलं. साहेबरावनंही दुसरं काही सांगितलं नाही. म्हणाला, चक्कर आली होती.

तर अशा माणसाची बायको कंपनीच्या कॅन्टीनमधून, कामावरून थेट इकडं आली होती. कोपरापर्यंत पीठ होतं तिच्या.

"तात्या, तुमीच सांगा ह्यांला," ती म्हणाली. "सोमवारी बोर्ड हाय आन् हे म्हणत्यात जायचं न्हाई."

"काय उपयोग?" साहेबराव पाठमोराच बोलला. "मागल्या बारीला गेलो व्हतो की."

"मागल्या बारीला तुमी सगळं सांगितलं तरी त्यांनी किरकोळ लिवलं. त्यांच्यात माणुसकी नव्हती. औंदा दुसरे डॉक्टर असतील."

"न्हाई जायचं म्हणलं ना."

"मग मी काय करू? पोळ्या लाटून लाटून हात वर व्हईना माझा. गोळ्यांच्या पाकिटात आता चार गोळ्या राहिल्यात. तुमी त्या अर्ध्या मोडून खाताय, ते मला कळत न्हाई व्हय?"

सुजितनं मोबाइल काढला आणि बंद स्क्रीनकडं बघत बसला. गोरक्षनं हवा भरलेली ट्यूब पाण्यात बुडवली. त्याच ट्यूबला त्यानं नुकताच पॅच मारला होता, तरी तो बुडबुडे शोधत राहिला.

सरूबाईनं पदरानं नाक पुसलं. "तात्या, तुमी व्हता त्यांच्याबरोबर. दारापाशीच बसला व्हता. सांगा बरं, कसं बोलले व्हते हे आत. त्यांनाच इसर पडलाय."

साहेबरावनं तेव्हा कुठं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. म्हणून मी म्हणालो, की हे तुमच्यापैकी एकजणबी खरं मानणार न्हाई.

"सुरू झालं म्हातारं," गोरक्ष म्हणाला.

"सकाळी निघालो ते ह्या सुजितच्या टेम्पोतनं," मी म्हणालो. "साहेबरावनं रातीच बुटाला पॉलिश मारलेलं. असं, की डॉक्टरनं त्यात बघून भांग पाडावा. दाढी घोटलेली. शर्टाची इस्त्री तर कागद कापंल अशी. चाकणात शिरलो आन् गाडी थांबली. पुढं केळीचा ट्रक. चौकात शिरलो तवा केळी हिरवीगार. चौकातनं बाहेर पडलो तवा पिवळीधम्मक."

"ते खरं हाय," सुजित म्हणाला. "दोन मीच खाल्ली."

"डाव्या लायनीत नवरदेवाची गाडी, उजव्या लायनीत नवरीची. भटजी मागं तिसऱ्याच टेम्पोत. मुहूर्त टळायला लागला. मग काय! कंटेनरची ताडपत्री सोडवून अंतरपाट धरला. भटजीनं तिथनंच मंगलाष्टका म्हणल्या, आन् शुभमंगलला सगळ्या डायव्हरनी एकदम हॉर्न दाबला."

"आन् अक्षता?"

"शेजारच्या डंपरातली खडी."

"नवरी जित्ती हाय का, राव?"

"तिला पोरगं झालं. भोसरीच्या अलीकडंच."

गोरक्ष हसला. सुजित तर टेम्पोच्या बॉनेटवर हात आपटून हसला. सरूबाईच्याही ओठाचा कोपरा हलला, म्हणून मी जोरात आलो.

"आन् एवढ्या समद्या वेळात साहेबराव गाडीत ताठ बसून. एकदाबी म्हणाला न्हाई, गाडी बाजूला घे."

"पोटात काय असल तर म्हणतील ना," सरूबाई म्हणाली. "दोन दिस निस्त्या पाण्यावर काढले ह्यांनी. मी म्हणलं, खाऊन जावा, आजारी माणसासारखं जावा. तर म्हणाले, फौजी साहेबांपुढं जायाचं, वाटंत लाज जायला नको."

हसणं थांबलं. साहेबराव टायरचं रबर नखानं उकरत होता.

मी गडबडीनं गोष्ट दवाखान्यात नेली. "तिथं बाकावर सगळी जुनी फौज. एकाचा पाय लाकडाचा. एकाला ऐकू येत न्हाई, तो शेजारच्याचं उत्तर देतोय. खेडकडचा एक सुभेदार आमच्या शेजारी. एक बाही पिन लावून मुडपलेली. त्यानं इचारलं, तुमचं काय? साहेबराव म्हणाला, पोट. सुभेदार म्हणतो, पोट? पोट तर सगळ्यांनाच असतंय!"

"आरं भावा," सुजित म्हणाला.

"मग नाव पुकारलं. साहेबराव उठला, आत गेला. दार राहिलं अर्धं उघडं, मी बाकावर कडेला. आत तीन डॉक्टर. मधला मोठा, चष्म्याचा. त्यानं वर बघितलं आन् इचारलं, 'हां हवलदार, कैसे हो?'"

इथं मी थांबलो. अशा जागी थांबायचं असतं. गोरक्षच्या हातातली ट्यूब पाण्याबाहेर आली. साहेबरावचं नख टायरवर थांबलं.

"आन् साहेबराव गरजला," मी म्हणालो. "काय गरजला! वरचा पंखा फिरायचा थांबला."

"लाइट गेली असल."

"गोरक्ष, तुला सांगतोय ते ऐक. म्हणाला, 'साहब, बर्फात होतो. खायला डब्यातलं. संडास म्हणजे बर्फात खणलेला खड्डा, आन् वाऱ्यात माणूस उभा ऱ्हात न्हाई अशी थंडी. तिथं मला पहिल्यांदा रगत पडलं. पांढऱ्या बर्फावर लाल. मी कुणाला सांगितलं न्हाई, बुटानं बर्फ लोटला वरनं. परत पडलं. परत लोटला. शेवटी पहाऱ्यावर पडलो तवा हेलिकॉप्टर आलं.' असं म्हणाला. एका डॉक्टरचा चहा जागेवर गार. साय धरली त्याच्यावर. दुसऱ्याचा पेन हातातनं पडला. आन् मधला मोठा, चष्म्याचा, तो रडाया लागला. इतका रडला, इतका रडला, की शिपाई फरशी पुसायचं फडकं घेऊन आला!"

"अगं बाई," सरूबाई हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "हे बर्फाचं मला कधी सांगितलं न्हाई ह्यांनी."

हे बर्फाचं त्यानं मला परतीच्या वाटेवर सांगितलं होतं, मोशीच्या अलीकडं, सुजित डिझेल भरायला उतरला तेव्हा. एवढंच. ते माझ्या गोष्टीत कसं शिरलं ते मलाही कळलं नाही. माझ्या गोष्टींमध्ये खरं सहसा येत नाही.

साहेबराव आता उठून उभा राहिला होता. त्याचं तोंड उतरलं होतं. त्याच्या हाताची मूठ पोटावर गेली आणि दाबून राहिली. मला वाटलं, टाकी बघायला जाईल. किल्ली त्याच्या हाताशीच लटकत होती. तो गेला नाही.

सरूबाई विचार करत होती. कॅन्टीनमध्ये ती हजार पोळ्यांचा हिशेब तोंडी ठेवते. तिला असंतसं काही सांगून सांगणाऱ्याची सुटका नसते.

"तात्या," ती म्हणाली, "एवढं सगळं ऐकलं. डॉक्टर रडलाबी. मग त्यानं किरकोळ का लिवलं?"

मी म्हणालो, "वरनं फोन आला."

"कुणाचा?"

"वरच्या साहेबाचा. म्हणाला, ह्या महिन्यात पोटाची पेन्शन बंद, फक्त पायाची चालू."

कुणीच हसलं नाही. सरूबाईनं मान हलवली. दोनदा, सावकाश. मग तिनं खाली ठेवलेली पिशवी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली. आता ती रडत नव्हती आणि तेच मला जड गेलं.

"म्हणजे सगळं सांगितलं," ती म्हणाली. "बर्फाचं सांगितलं, रगताचं सांगितलं. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आणलं. आन् तरीबी न्हाई म्हणाले. मग ह्यांचंच खरं हाय. तोंडानं सांगून काय व्हत न्हाई. दोन वर्सं मी उगंच आशा धरली." ती सुजितकडं वळली. "सोमवारची गाडी नको रं, बाबा. दुसरं भाडं घे तू."

"वैनी, असं काय..."

"नको. मीबी रजा घेत न्हाई. ठेकेदार म्हणतच व्हता, एक खाडा केला तर दुसरी बाई उभी हाय." मग नवऱ्याला म्हणाली, "चला घरी. न्हाई जायचं तर न्हाई जायचं. मी अजून एका शिफ्टचं इचारते."

"तुझा हात वर व्हत न्हाई," साहेबराव म्हणाला.

"एक व्हत न्हाई. दुसरा हाय की."

सुजितनं या वेळी मोबाइल खरोखर चालू केला. रावेतच्या एका माणसाचं सोमवारचं सामान हलवायचं काम त्याच्याकडं येऊन पडलं होतं. त्याला तो फोन लावत होता. रिंग जाताना आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती.

शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. मला ते कधी जमलेलं नाही.

"पण सरूबाई, पुढचं ऐक तर," मी म्हणालो. "तुझा नवरा बाहेर आला ना, तवा बाकावरची सगळी फौज उठली. लाकडी पायाचा उठला, बहिरा उठला. आतलं समदं ऐकलं व्हतं त्यांनी. आन् सगळ्यांनी ह्याला कडक सलाम ठोकला. त्या सुभेदारानं तर नसलेल्या हातानं ठोकला! म्हणाला, हवालदार, असं छातीठोक खरं बोलणारा मी उभ्या नोकरीत..."

"खोटं."

"कुठलं? सलामाचं? बरं, निम्म्यांनी ठोकला असल."

"समदं खोटं बोलतोय म्हातारा!" साहेबराव ओरडला. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "सुजित, फोन ठेव. ठेव म्हणतो ना! सरू, केळी आन् ते बर्फाचं सोडलं तर ह्यातलं काय बी खरं न्हाई. मी गरजलो न्हाई. कुणी रडलं न्हाई."

"मग काय झालं?" सरूबाईनं विचारलं.

साहेबरावच्या टाचा आपोआप जुळल्या. छाती पुढं आली, हात मांड्यांना चिकटले. उजवी मूठ मात्र परत पोटावर गेली आणि ती त्याला खाली नेता येईना.

"साहेब म्हणला, 'कैसे हो?' मी टाच मारली आन् म्हणलो, 'एकदम ठीक, साहब.' त्यानं परत इचारलं. चांगला माणूस व्हता, दोनदा इचारलं त्यानं. 'कोई तकलीफ?' म्हणलो, 'नो, सर.' सगळी नोकरी तेच म्हणत आलोय, जिभेला दुसरं काय येतच न्हाई. पोट उपाशी, बूट चकाचक, त्याला काय दिसणार? त्यानं किरकोळ लिवलं. मी सलाम ठोकून बाहेर आलो. मी ठोकला, सरू. मला कुणी ठोकला न्हाई. आन् घरी येऊन तुला सांगितलं, की समदं बोललो."

सरूबाईच्या हातातली पिशवी खाली गेली. "आन् काय बोलायचं व्हतं?" ती म्हणाली. "ते बोला. आत्ता बोला."

त्यानं आमच्याकडं बघितलं. मग गोरक्षच्या पत्र्याकडं.

"तिथं वर टाकी न्हाई, गोरक्ष. मी संडासला जातो. दिसभर जातो. आन् रगत पडतं मला. रोज पडतं. गेटावर माझ्या पँटीत झालं, तुझी पँट अजून माझ्या घरी हाय. पोरीच्या लग्नाची पंगत सोडून मी मागल्या दारी बसलो व्हतो, लोक म्हणले बाप रडाया गेला. एष्टीत बसत न्हाई, कुणाच्या घरी जात न्हाई, तू रांधलेलं मला भ्या वाटून खाववत न्हाई. हे बोलायचं व्हतं. त्या साहेबानं दोनदा इचारलं, सरू, आन् मी दोनदा म्हणलो, एकदम ठीक."